पाचव्या खड्ड्यातलं झाड

टाकेवाडी, ता. कोरेगाव
२ डिसेंबर १९६५

वन्सं, शालूचा नमस्कार.

तुमच्या सांगलीच्या शाळंत समदं बरं हाय न्हवं? हितं आत्याबाईंचा गुडघा दुखतोय, बाकी बरं. तुमच्या दादांचा कागद न्हाई. लढाईतनं 'बेपत्ता' म्हणून तार आली, तवापासनं तीच एक तार हाय, तिच्या म्होरं काय न्हाई. पोस्टमन आमच्या दारावरनं जाताना आता सायकलीची घंटी वाजवत न्हाई.

आज दुसऱ्याच कामाला लिवते. चावडीम्होरं बाग करायची ठरलीया. नानासोंनी मनावर घेतलंय. तुमाला ठावं हाय, सुभेदारकीतनं सुटून आल्यापासनं त्येंना समदं रांगंत पायजे. खड्डं बी एका रांगंत खणून झालं. झाडं फुलाची पायजेत. कोण म्हणतंय गुलमोहर, कोण म्हणतंय बहावा. मी म्हणलं, आमच्या वन्सं झाडांचं शिकून बी. एस्सी. झाल्यात, त्येंला इचारू. नानासो म्हणलं, इचार.

तर दोन्ही झाडांचं लिवा. कुठलं लवकर येतं, कुठलं उशिरा. उशिराचं जरा जास्ती लिवा. त्याचं तयार रोप मिळतं का बी लावावं लागतं, तेबी लिवा. पाकिटातनं धाडा, कार्ड नगं. कार्ड आदी चावडीवर वाचत्यात, मग माझ्याकडं येतंय.

शालू


सांगली
९ डिसेंबर १९६५

ती. सौ. शालूवहिनी यांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं की आमच्या वाडीत चावडीपुढे बाग होते आहे, आणि तिथे कोणतं झाड लावायचं हे आमच्या वहिनी विचारताहेत. चार बुकं शिकलेली बाई चावडीच्या कामात बोलते, याचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

आता झाडांविषयी. गुलमोहर आपल्याकडचा नव्हे, दूरच्या एका बेटावरून आलेला, पण आपल्या मातीत तो छान रमतो. वाढ झपाट्याची. चार-पाच वर्षांत फुलायला लागतो. फांद्या छत्रीसारख्या पसरतात, खाली अख्खा वर्ग बसेल. चैत्र-वैशाखात पान दिसणार नाही इतका लाल. दोष सांगायचे तर मुळं वरवर जातात आणि लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडते. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या शेंगा लोंबत राहतात, तेव्हा तो भकास दिसतो.

बहावा आपल्या डोंगरातलाच. मागच्या रविवारी मिरजेला गेले होते, तिथल्या एका आवारात जुना बहावा आहे. काळ्या, हातभर लांब शेंगा लटकत होत्या. उन्हाळ्यात त्यालाच पिवळ्या फुलांचे घोस लागतात. मुळं खोल, लाकूड घट्ट, वाऱ्याला दाद देत नाही. पण फार सावकाश वाढणारं झाड. फुलायला सात-आठ वर्षं. तयार रोप कुठे विकत मिळत नाही. बियांचं कवच इतकं टणक की ते दगडावर घासून, भिजवून मग पेरावं लागतं, आणि खड्ड्यात लावण्याजोगं रोप व्हायला निदान एक वर्ष.

माझं मत स्पष्ट आहे, गुलमोहर. आत्ता जी पोरं पहिलीत आहेत त्यांना शाळा सोडण्याआधी सावली मिळाली पाहिजे. नुसतं मत देऊन थांबत नाही. आमच्या शाळेच्या रोपवाटिकेतलं कमरेइतकं गुलमोहराचं रोप कोंडीबांच्या गुळाच्या गाडीतून पाठवते आहे. माझ्यातर्फे वाडीच्या बागेला पहिलं झाड!

आईला नमस्कार. दादाची बातमी येईल, धीर सोडू नका.

तुमची रत्नमाला


टाकेवाडी
१९ डिसेंबर १९६५

वन्सं,

रोप पोचलं.

मी तुमाला निम्मंच लिवलं व्हतं, ती माझी चूक. आता समदं लिवते. चावडीम्होरं पाच खड्डं हायत. आपल्या वाडीची चार माणसं लढाईत गेली, त्येंच्या नावाचं एकेक झाड. ज्येनं त्येनं आपल्या माणसाचं लावायचं, खाली दगडावर नाव. पाचवा खड्डा तुमच्या दादांचा. नानासो म्हणत्यात, तीन महिनं झालं, आता कशाची वाट बगायची, पोराला मान मिळू द्या. सव्वीस जानेवारीला झाडं लावायची. आदल्या दिशी रंगुबाईला बोलवायचं. कुणाचं कुंकू गेलं की बांगड्या तीच उतरवती, तुमी बघितलंय. इधवा बाईनंच झाड लावायचं, असं ठरलंय.

मी एकटी न्हाई म्हणत व्हते. आत्याबाई माझ्या बाजूनं व्हत्या. पर तुमचं रोप आलं, आन त्या गप झाल्या. चावडीवर एकच बोलणं, मास्तरीणबाईनं सोता झाड धाडलं, म्हंजी तिला ठावं हाय. सख्ख्या भावाचं झाड कोण उगंच धाडंल? आन कोंडीबानं वरनं सांगितलं, बाई मिरजंच्या दवाखान्यात एका लंगड्या शिपायापाशी बसलेल्या मी डोळ्यानं बघितल्या, पदरानं डोळं पुशीत व्हत्या.

आत्याबाई दोन दिस जेवल्या न्हाईत. रोप पोत्यात गुंडाळून परसात ठिवलंय. मी पाणी घालत न्हाई, त्या घालत्यात.

काय ऐकलंत तुमी मिरजंला?

शालू


सांगली
२४ डिसेंबर १९६५

ती. सौ. शालूवहिनी यांस,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. देवाशप्पथ, मला खड्ड्यांचं काही ठाऊक नव्हतं. मी बाग म्हणजे बाग समजले. मुलं, सावली, फुलं एवढंच डोळ्यांपुढे होतं. त्या रोपाचा दादाशी काडीचा संबंध नाही. नानासोंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात हे साफ लिहिलं आहे आणि हेही लिहिलं आहे की एखाद्या बाईचं कुंकू चावडीवर बसून पुसायचा अधिकार कोणालाच नाही. फौजेच्या दप्तरालाही पत्र टाकलं आहे.

मिरजेचं म्हणाल तर मी डोळे तपासायला गेले होते. तिथे शेजारी एक जखमी जवान बसला होता, त्याची कहाणी ऐकून कोणालाही रडू आलं असतं. कोंडीबांनी उगाच तिखटमीठ लावलं. मी कोणाकडून काहीही ऐकलेलं नाही.

तुम्ही खंबीर राहा. आईला जेवायला लावा.

तुमची रत्नमाला


टाकेवाडी
४ जानेवारी १९६६

वन्सं,

तुमचं पत्र नानासोंनी चावडीवर मोठ्यानं वाचलं. अधिकाराचं वाचलं तवा कोणतरी म्हणलं, "शिकलीया, बोलणारच." मग नानासो म्हणलं, "पोरीला सांगवत न्हाई, म्हणून रागावतीया. फौजंत असली पत्रं लय बघितली." समद्यांनी माना हलवल्या. आता सव्वीस तारीख पक्की.

तुमी चष्मा कवा लावला, वन्सं? दिवाळीत तुमी दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ववून आत्याबाईंला दिला. कोंडीबा पिऊन बडबडतो, पर न बघितलेलं सांगत न्हाई.

मी उशिराच्या झाडाचं का इचारलं, ते तुमच्या ध्यानात आलं न्हाई. बहाव्याचं रोप कुठं मिळत न्हाई, बी रुजवाय साल जातं, हे मला माहेरात माझ्या आज्यानं सांगितलं व्हतं. तुमच्या तोंडनं तेच चावडीला ऐकवायचं व्हतं. बी. एस्सी. झालेली बाई म्हणती बहावाच लावा, मग नानासो न्हाई म्हणलं नसतं. सव्वीस जानेवारी आपोआप टळली असती. एक साल. मला एक साल पायजे व्हतं. तुमी मला कमरंएवढं तयार रोप धाडलंत.

म्हायेर लांब. हितं आत्याबाई आता बोलत न्हाईत. माझ्या हातात बावीस दिस हायत, आन तुमी मला डोळं तपासायचं सांगता.

शालू


सांगली
१५ जानेवारी १९६६

ती. सौ. शालूवहिनी,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. कोंडीबांच्या हातात देते आहे, तुमच्याच हातात द्यायला सांगून.

मी तुमच्याशी खोटं बोलले. वर्गात मुलींना खरं बोलायला शिकवते, आणि स्वतःच्या वहिनीला खोटं लिहिलं.

नोव्हेंबरमध्ये आमच्या शाळेतल्या शिपाईणबाईंनी, बनुबाईंनी सांगितलं की मिरजेच्या एका दवाखान्यात लढाईवरून आलेला एक जवान पाय कापून पडला आहे आणि तो दादाच्या पलटणीतला आहे. मी गेले. आकाराम त्याचं नाव, जत तालुक्यातला, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो. दादाला तो 'मानसिंगअण्णा' म्हणतो. त्याने सांगितलं ते शब्द जसेच्या तसे लिहिते, माझं काही घालत नाही.

"कालव्याच्या काठानं आम्ही चाललो होतो. अण्णा माझ्या पुढं होता. गोळा पडला. अण्णा पडला, मी बी पडलो. मला उचललं. अण्णाला उठताना मी बघितलं नाही. मेलेला बी बघितलं नाही. मला विचारू नका ताई, मी ह्या दोन्हीतलं एक सांगू शकत नाही."

मी तीन वेळा गेले. तिन्ही वेळा त्याने एवढंच सांगितलं. तुम्हाला लिहायला बसले की पेन थांबायचं. अर्धी बातमी देण्यापेक्षा न दिलेली बरी, पूर्ण काही कळलं की मग सांगू, असं मी ठरवलं. पुन्हा पुन्हा विचार करते तेव्हा दिसतं की नानासोंनी तुमच्या वतीने ठरवलं आणि मीही ठरवलं. त्यांनी निदान चावडीवर, सगळ्यांसमक्ष ठरवलं. मी चोरून.

सोबतच्या पुडीत बहाव्याच्या बिया आहेत. त्या दवाखान्याच्या आवारातल्या झाडाच्या. शेंग आकारामने कुबडीने पाडली, दगडाने फोडली आणि आतल्या चिकट गरातून एकेक बी पुसून मला दिलं. मी त्याला सगळं सांगितलं होतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी रजा नाकारली. सव्वीस तारखेची कवायत माझ्याकडे आहे. मी राजीनामा लिहून पिशवीत ठेवला आहे. कोंडीबांच्या हाती नुसता 'या' म्हणून निरोप पाठवलात, तर पंचवीस तारखेच्या पहिल्या गाडीने निघते.

काय करायचं ते आता मी सांगणार नाही. हे पत्र कोणाला दाखवायचं, फाडायचं की जाळायचं, तेही तुम्हीच ठरवा.

रत्नमाला


टाकेवाडी
२८ जानेवारी १९६६

वन्सं,

निरोप मुद्दाम धाडला न्हाई. राजीनामा फाडून चुलीत घाला. ह्या घरातली एक तरी बाई आपल्या पगारावर उभी हाय, तिला मी खाली बसवायची न्हाई.

तुमचं पत्र आलं तवा संक्रांत होऊन गेली व्हती. संक्रांतीला मला कुणी वाण दिलं न्हाई. शेजारणी सुगडं घिऊन माझ्या दारावरनं पुढल्या दारी गेल्या. पत्र वाचून मी लय रडले, मग लय रागावले, तुमच्यावर. आठ दिस पत्र कमरंला खोवून हिंडत व्हते.

पंचवीसला दुपारी रंगुबाई आली. आत्याबाईंनी पाट मांडला, म्हणल्या, "बस, बाई." मी बसले न्हाई. पदर सारखा केला आन सरळ चावडीवर गेले. लगीन झाल्यापासनं सात वर्सं, चावडीची पायरी कवा चढले न्हवते.

नानासो म्हणलं, "काय गं सूनबाई, वाट चुकलीस?" दोघंचौघं हसली.

मी म्हणलं, "पत्र वाचाय आले. माझी पत्रं तुमी वाचता, आज मी वाचते." आन तुमचं पत्र पैल्यापासनं वाचलं. तुमी खोटं बोलला तेबी वाचलं, वन्सं, गाळलं न्हाई. आकारामचं बोलणं आलं तवा कोण हसत न्हवतं.

नानासो म्हणलं, "पोरी, गोळा पडल्यावर पडलेला माणूस म्हंजी काय, ते मला इचार. मी दोन लढाया बघितल्यात."

मी म्हणलं, "आवं, लढाया बघितल्या, पर ह्यो माणूस बघितला न्हाई. फौजंनं बेपत्ता लिवलंय. तुमी म्हणता मेला. फौजंच्या वरचा सायब कवापासनं टाकेवाडीत बसाय लागला?"

मागनं कोणतरी वरडलं, "सुभेदाराला बोलतीस! कुणाची गं तू?"

तवा मी नाव घेतलं. उखाणा न्हाई, काय न्हाई. "मानसिंग धोंडिराम फाळके. त्येंची बायको. कागद येईपातुर बायको." ते नाव तोंडानं कवा काढलं न्हवतं. जीभ अडखळली, पर निघालं.

नानासोंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. माणसाला कागदाचा धाक लय. म्हणलं, "बेपत्ता म्हंजी बेपत्ता. हुकुमाच्या म्होरं मी बी जात न्हाई. चार लावा. पाचवा तसाच ठिवा." मी म्हणलं, "एक साल ठिवा, बहावा रुजंपातुर."

वाटंत येताना मागनं कोण काय बोललं ते मी ऐकलंय, तुमाला लिवत न्हाई. समदी वाडी माझ्या बाजूची झालेली न्हाई.

घरी आले तर पाट तसाच मांडलेला, आन रंगुबाई त्याच्याशेजारी चा पीत बसलेली. मी म्हणलं, आज तुमचं काम न्हाई. ती म्हणली, "बरं झालं. मला काय हौस हाय व्हय गं? बोलावलं की यावं लागतं." तिनं पुडी बघितली, म्हणली, ह्ये काय? मी सांगितलं. तर पाटा वढून तिनं एकेक बी घासायला घेतलं. पंधरा बिया घासल्या, वन्सं, सांज हुईपातुर. आत्याबाई दाराच्या आडनं बगत व्हत्या.

तुमचं गुलमोहर शाळंच्या कुंपणापाशी लावलं. ते पोरांचंच हाय, तितंच असू द्या.

तुमच्यावरचा राग अजून गेला न्हाई. जाईल. पर परत माझ्यासाठी माझ्या माघारी काय ठरवू नका. नानासोंनी ठरवलं तर त्येंच्याशी भांडता येतं. मायेनं ठरवलेल्याशी कसं भांडायचं, ते मला येत न्हाई.

शालू


सांगली
२ मार्च १९६६

ती. सौ. शालूवहिनी,

या वेळी वाट न पाहता, जसं कळलं तसं लिहिते. दोन्हीकडचे कैदी सोडले. त्यांच्या नावांची यादी मी तीन वेळा पाहिली. पहिल्यांदा कचेरीतल्या कारकुनाने वाचून दाखवली, दुसऱ्यांदा मी स्वतः बोट ठेवून वाचली, तिसऱ्यांदा आकारामला दाखवली. त्यात दादाचं नाव नाही. फौजेच्या दप्तराचं उत्तरही आलं, कागद सोबत आहे. त्यांच्या लेखी अजून 'बेपत्ता'.

याचा अर्थ काय, हे मी लिहीत नाही. मला माहीत नाही.

आकाराम गावी गेला. जाताना म्हणाला, बिया उगवल्या का ते वहिनींना विचारा.

रत्नमाला


टाकेवाडी
२० एप्रिल १९६६

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दिशी मी चूल पेटवली न्हाई. दुसऱ्या दिशी पेटवली. कागद आत्याबाईंला वाचून दाखवला, आन नानासोंला जाऊन दाखवला. मी सोता नेला, कुणी मागायच्या आदी.

आकारामला कळवा, पंधरातल्या सहा उगवल्या. दोन कोंबडीनं खाल्ल्या. चार हायत, बोटाएवढी. तुमी म्हणला तसंच हाय, लय सावकाश. गुलमोहरानं तेवढ्यात दोन नव्या फांद्या काढल्या.

नानासो परवा दारात आलं. म्हणलं, "सूनबाई, औंदाच्या पावसाळ्यात लावायचं न्हवं?" मी म्हणलं, "न्हाई. मी एक साल मागितलं व्हतं. त्यातलं तीनच महिनं झाल्यात. साल भरलं की दिवस मी सांगन. कुंकू लावून लावायचं का पुसून, तेबी तवाच सांगन." वाटलं, चिडतील. पर म्हणलं, "बरं. मग तवर खड्ड्यात पाला टाकत जातो. माती तरी कमवू." गेलं.

राग गेलाय, असं कालपासनं वाटतंय. सुट्टी लागली की या.

एक गोष्ट आत्याबाईंनी मला सांगितलेली न्हाई, मी बघितलीया. रोज सांजंला त्या गुडघा धरत चावडीपातुर जात्यात, आन पाचव्या खड्ड्यात एक कळशी पाणी वतून येत्यात. झाड न्हाई, नुसता खड्डा. काल मी इचारलंच, "आत्याबाई, कशाला वो?"

म्हणल्या, "वल्ली ऱ्हाऊ दे माती. कोण येतंय ते येऊ दे."

शालू